पोटातले दाखवणारे ड्रॉइंग : संगणकावरचा सेक्शन आणि आपण

(कारखाना शाखांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या अभ्यासवर्गात युनियनच्या सेक्रेटरींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गाची विषयपत्रिका पाहून काही मंडळींनी आम्हाला विचारले, "साहेब, युनियनच्या वर्गात ड्रॉइंगचे काय काम? महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा हे विषय संपले काय?" ते विषय संपलेले नाहीत आणि इतक्यात संपणारही नाहीत. त्यांच्यावर उद्याची दोन सत्रे ठेवलेली आहेत. पण ज्या कागदावर बघून आपण दिवसभर हात चालवतो, तो कागद आता कोण काढतो, कसा काढतो आणि त्यात चूक राहिली तर ती कोणाच्या अंगावर येते, हा प्रश्न भत्त्याइतकाच पोटाचा आहे. म्हणून आज आम्ही सेक्शन या एकाच गोष्टीवर बोलणार आहोत. संगणकावर सेक्शन कसा निघतो, त्यात चुका कुठे शिरतात आणि त्या आपल्याला कशा पकडता येतील, एवढाच आजचा विषय.

आम्ही काही इंजिनियर नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते अॅप्रेंटिस म्हणून व्हाइसवर आणि नंतर युनियनच्या फायलींमध्ये. तेव्हा भाषा कारखान्यातलीच राहील. आपले टपाल खात्यातले बांधवही इथे बसले आहेत. त्यांना हा विषय परका वाटू नये म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करतो.

घराचा नकाशा हाही सेक्शनच

पोस्टाच्या क्वार्टर्सचा नकाशा तुम्ही सर्वांनी पाहिला असेल. खोल्या, दारे, खिडक्या, भिंतींची जाडी असे सगळे त्यात दिसते. पण घर वरून पाहिले तर काय दिसते? फक्त छप्पर. मग भिंतींची जाडी दिसली कशी? तर जमिनीपासून साधारण मीटर-सव्वा मीटर उंचीवर, म्हणजे खिडक्यांतून आरपार जाईल अशा पातळीवर, सगळे घर आडवे कापले, वरचा भाग उचलून बाजूला ठेवला आणि उरलेला भाग वरून पाहिला, असे मानून तो नकाशा काढलेला असतो. म्हणजे ज्याला आपण साधा 'प्लॅन' म्हणतो तो आडवा सेक्शनच आहे. तेच घर उभे कापले की पाया किती खोल आहे, जोता किती उंच आहे, लिंटेल कुठे आहे, स्लॅब किती जाडीचा आहे हे दिसते. ठेकेदाराने पाया कमी खोदला की नाही, हे त्या उभ्या सेक्शनवरूनच ठरते.

यंत्राच्या भागाचेही तेच आहे. वस्तू बाहेरून पाहून आतले कळत नाही. आतल्या कडा तुटक रेषांनी दाखवता येतात, पण एकात एक बसलेले चार भाग असले की तुटक रेषांचे असे जाळे होते की जुना जाणता मिस्त्रीही चक्रावतो. म्हणून कापायचे. खरोखर कापायचे नाही, कागदावर कापायचे.

आणि कुठे कापायचे हे ठरवणे हेच खरे डोक्याचे काम. संत्रे आडवे कापले तर फोडींचे चक्र दिसते आणि उभे कापले तर दोन-चार फोडींची लांबी दिसते. फळ तेच, पण कळलेली गोष्ट वेगळी. सेक्शन काढणाऱ्याने आधी स्वतःला विचारायचे असते की हा कागद हातात घेणाऱ्याला कळायचे आहे काय. संगणक कापून देतो, पण कुठे कापायचे ते त्याला माणसानेच सांगावे लागते.

आपल्याच डब्याचे उदाहरण

आय.सी.एफ. डब्याच्या बोगीचा डॅशपॉट घ्या. पेरांबूरचा कारखाना १९५५ साली सुरू झाला आणि त्या बनावटीचे डबे करणे २०१८ साली थांबले. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ आपल्या फिटरांनी ही बोगी खोलली आणि जोडली. बाहेरून पाहिले तर अॅक्सल बॉक्सच्या दोन बाजूंना फक्त स्प्रिंगा दिसतात. पण त्या स्प्रिंगच्या पोटात बोगीच्या फ्रेमला घट्ट बसवलेला गाइड आहे. तो खालच्या स्प्रिंग सीटच्या नळकांड्यात वरखाली होतो. नळकांड्यात तेल आहे. गाइडच्या टोकाला छिद्रे आहेत आणि तेल त्यांतून दाबाने जाते, म्हणून डबा उसळ्या मारत नाही. गाइडभोवती बुश आहे, रिंगा आहेत, धूळ आत जाऊ नये म्हणून वर आवरण आहे. तेल किती भरायचे, बुश किती झिजला की बदलायचा, हे सगळे या आतल्या मांडणीवर ठरते. बाहेरून काढलेल्या चित्रात यातले काहीही दिसत नाही. मधोमध उभा काप घेतला की एका नजरेत सगळे समजते.

त्या सेक्शनमध्ये गाइडच्या रेषा एका दिशेला तिरप्या असतात, बुशच्या उलट दिशेला आणि स्प्रिंगच्या तारेचे कापलेले गोल दोन्ही बाजूंना एकाखाली एक दिसतात. त्या तिरप्या रेषा शोभेसाठी नाहीत. "या जागी धातू कापला गेला आहे" असे त्या सांगतात. जिथे रेषा नाहीत तिथे एकतर पोकळी आहे, नाहीतर कापाच्या मागे असलेला भाग आहे. एवढे एक वाक्य पाठ केले तरी निम्मा सेक्शन वाचता येतो.

बोर्डावरून पडद्यावर

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा ड्रॉइंग ऑफिसात लांबलचक बोर्ड होते. टी-स्क्वेअर, सेटस्क्वेअर, शाईची पेनं. ड्राफ्ट्समन पेन्सिलने काढायचा, ट्रेसर ते ट्रेसिंगवर शाईने गिरवायचा आणि मग अमोनियाच्या वासाच्या खोलीत प्रिंट निघायची. सेक्शनच्या तिरप्या रेषा सेटस्क्वेअर एकेक पाऊल सरकवत काढाव्या लागत. दोन रेषांतले अंतर सारखे राहिले पाहिजे, शाई फुटता कामा नये. एका मोठ्या असेंब्लीच्या हॅचिंगला सबंध दिवस जायचा.

ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर १९८२ च्या डिसेंबरात अमेरिकेत बाजारात आले आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या ड्रॉइंग ऑफिसांत शिरले. तोपर्यंत रेल्वेत संगणक तिकिटाच्या खिडकीवर आलेलाच होता. १९८६ साली 'क्रिस' ही संस्था रेल्वेच्या संगणकांसाठीच काढली गेली. ड्रॉइंग ऑफिसात संगणक आला तेव्हा सगळ्यात आधी गेली ती ट्रेसरची कामगिरी. सबंध दिवसाचे हॅचिंग एका टिचकीसरशी होऊ लागले. माणूस मात्र तिथेच राहिला, आणि त्याला नवे काम शिकवायचे की त्याला 'सरप्लस' म्हणायचे हा प्रश्नही राहिला. त्या प्रश्नाकडे आम्ही शेवटी येतो.

संगणकावर सेक्शन निघतो कसा

याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला फरक समजून घ्या.

पहिला मार्ग सपाट ड्रॉइंगचा. यात संगणक म्हणजे बोर्डच, फक्त काचेचा. माणूस स्वतः विचार करून कापलेल्या भागाच्या कडा काढतो. एका दृश्यावर कापाची रेषा दाखवतो. ही रेषा बारीक साखळीसारखी असते, म्हणजे एक लांब तुकडा, एक आखूड, पुन्हा लांब. दोन टोकांना आणि जिथे वळते तिथे ती जाड करायची. टोकांना बाण आणि अक्षरे, ए आणि ए. बाण ज्या दिशेला, त्या दिशेने आपण पाहतो आहोत. बाणाच्या पाठीमागचा भाग कापून काढून टाकला असे समजायचे. मग सेक्शनखाली 'सेक्शन ए-ए' असे लिहायचे. अक्षर नसेल आणि कागदावर तीन सेक्शन असतील तर कुठला काप कुठला हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

त्यानंतर हॅच ही आज्ञा देऊन बंद जागेच्या आत टिचकी मारायची, की संगणक ती जागा रेषांनी भरतो. जागा खरोखर बंद असली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात दोन रेषा केसभर जुळल्या नाहीत तर संगणक म्हणतो की सीमा सापडली नाही. रेषांचा नमुना बहुधा 'अन्सी-३१' नावाचा घेतात. इथे नवशिके हमखास अडखळतात. या नमुन्यात रेषा मुळातच ४५ अंशांत तिरप्या आहेत, म्हणून कोनाच्या जागी शून्य ठेवायचे. कोणी पुस्तकात '४५ अंश' वाचून तिथे ४५ लिहिले तर रेषा उभ्या होतात. शेजारच्या भागाला उलट तिरप्या रेषा हव्यात तर तिथे ९० लिहायचे. तिसरा भाग शेजारी आला तर दोन रेषांतले अंतर बदलायचे. वस्तूची कडच ४५ अंशांत असेल तर हॅचिंग त्या कडेला समांतर जाऊन कड हरवते. अशा वेळी ३० किंवा ६० अंश घेतात. अंतराचा आकडा फार लहान ठेवला तर सगळी जागा काळी ठिक्कर होते, फार मोठा ठेवला तर एकही रेषा दिसत नाही आणि माणूस समजतो की हॅचिंग झालेच नाही.

दुसरा मार्ग घन मॉडेलचा. यात माणूस आधी संगणकात सबंध वस्तू उभी करतो, लांबी, रुंदी, उंचीसह. मग एक पातळी ठेवून 'इथे काप' असे सांगतो. ती पातळी कुठल्या भागाला कुठे छेदते याचे गणित संगणक स्वतः करतो, कडा आणि हॅचिंग आपोआप येते. मॉडेलमध्ये माप बदलले की सेक्शनही बदलतो. सॉलिडवर्क्ससारखी विकतची सॉफ्टवेअर हे करतात आणि फ्रीकॅड नावाचे सॉफ्टवेअर तर फुकट मिळते. त्यात टेकड्रॉ म्हणून एक विभाग आहे, तिथे सेक्शन निघतो. आपल्या मुलांनी आय.टी.आय.ला असताना घरच्या संगणकावर ते शिकायला हरकत नाही.

दुसऱ्या मार्गात श्रम वाचतात हे खरे. पण चुका तिथेच लपतात, कारण चित्र इतके सुबक निघते की ते चुकीचे असेल असे कोणाच्या मनातही येत नाही.

चुका कुठे शिरतात

आता कान देऊन ऐका. उद्या तुमच्या हातात प्रिंट आली की या पाच गोष्टी तपासायच्या.

एक. जे कापायचे नाही ते कापलेले नाही ना? बोल्ट, नट, रिव्हेट, शाफ्ट, पिन, चावी, चाकाचे आरे आणि आधाराच्या फासळ्या हे भाग लांबीच्या दिशेने कापाखाली आले तरी त्यांवर हॅचिंग करायचे नाही, असा जगभरचा संकेत आहे. भारतीय मानक ब्युरोच्या एस.पी. ४६ या पुस्तिकेतही हेच आहे. ती १९८८ साली निघाली आणि २००३ साली सुधारून आली. या संकेताला कारण आहे. भरीव बोल्ट कापून आत काहीच नवे दिसत नाही, उलट गोंधळ वाढतो. फासळीचे तर त्याहून वाईट. दहा मिलिमीटर जाडीची फासळी लांबीत कापून रेषांनी भरली तर ती फासळी न दिसता सबंध भरीव ठोकळा दिसतो. संगणकाला हा संकेत ठाऊक नसतो. त्याला बोल्ट आणि ब्रॅकेट सारखेच, वाटेत आले की काप. काढणाऱ्याने एकेक भाग निवडून 'हा कापू नकोस' असे सांगावे लागते. घाईत ते राहून जाते.

दोन. शेजारच्या दोन भागांचे हॅचिंग वेगळे आहे ना? दोन वेगळ्या जागांत एकाच आज्ञेत टिचकी मारली की दोन्हींना एकच तिरपेपण आणि एकच अंतर मिळते. मग दोन भाग एक दिसतात.

तीन. गॅस्केट, पत्रा, वॉशर अशा पातळ वस्तू सेक्शनमध्ये काळ्या भरून दाखवतात आणि दोन पातळ वस्तू लागून असतील तर मध्ये थोडी पांढरी फट ठेवतात. ती फट नसेल तर दोन पॅकिंगचे एक पॅकिंग होते.

चार. पहिला कोन की तिसरा कोन? आपल्या देशात पहिल्या कोनाची पद्धत आहे. समोरचे दृश्य वर आणि वरून पाहिलेले दृश्य त्याच्या खाली. अमेरिकेत तिसरा कोन, तिथे वरून पाहिलेले दृश्य वरच असते. वाराणसीच्या इंजिन कारखान्याने १९९५ साली अमेरिकी कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार केला आणि एल.एच.बी. डब्याचे तंत्रज्ञान जर्मनीहून आले. दोन्ही देशांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. शिवाय बाहेरून आलेल्या सॉफ्टवेअरचा कोरा नमुना कित्येकदा तिसऱ्या कोनात असतो, तो बदलून घ्यावा लागतो. कागदाच्या कोपऱ्यात तोडलेल्या शंकूचे छोटे चिन्ह असते. सेक्शन वाचण्याआधी ते चिन्ह पाहा. नाहीतर डाव्या बाजूचा ब्रॅकेट उजव्या बाजूचा होतो, आणि तो लोखंडात झाला की रबराने पुसता येत नाही.

पाच. प्रिंट कशी काढली आहे? पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या रेषा झगझगीत दिसतात. त्याच पांढऱ्या कागदावर साध्या प्रिंटरने काढल्या की पुसट होतात. संगणकात प्रत्येक रंगाला पेनाची जाडी ठरवून दिलेली असते. ती यादी दुसऱ्या मशीनवर नसली की कडेची रेषा आणि हॅचिंगची रेषा एकाच जाडीच्या निघतात आणि कड ओळखू येत नाही. मोठ्या कागदाचे ड्रॉइंग लहान कागदावर 'बसवून' काढले तर स्केल बिघडतो. म्हणून प्रिंटवर पट्टी लावून माप घ्यायचे नाही, लिहिलेले मापच धरायचे. आणि रिव्हिजनचा नंबर पाहायचा. मॉडेल बदलले, पण तुमच्या मशीनवर चिकटवलेली प्रिंट गेल्या वर्षीची आहे, असे आपल्या शॉपमध्ये किती ठिकाणी आहे ते उद्या परत गेल्यावर मोजा.

एका चार्जशीटची गोष्ट

या पाचांतली दुसरी आणि पाचवी चूक एकत्र आली की काय होते, ते सांगतो. कारखान्याचे आणि माणसांचे नाव घेत नाही.

एका ब्रॅकेटला भोक पाडून त्यात बुश दाबून बसवायचा आणि बुशमध्ये पिन, असे काम होते. संगणकावरून काढलेली प्रिंट शॉपमध्ये आली. सेक्शनमध्ये ब्रॅकेट आणि बुश दोघांचे हॅचिंग एकाच दिशेला, एकाच अंतराचे होते. दोघांमधली रेषा हॅचिंगइतकीच बारीक निघाली होती. बुशचा तपशील वेगळ्या शीटवर होता आणि ती शीट मशीनपर्यंत आलीच नव्हती. मशिनिस्टने ब्रॅकेटला थेट पिनच्या मापाचे भोक केले. बुशला जागाच उरली नाही. सगळा लॉट रिजेक्ट.

मशिनिस्टला एस.एफ. ११ आली. कामात निष्काळजीपणा. वीस वर्षांची स्वच्छ नोकरी आणि एका इन्क्रिमेंटवर गदा. तो आमच्याकडे आला तेव्हा म्हणाला, "साहेब, मी कागदात जे होते तेच केले." हे वाक्य प्रत्येक चार्जशीटवाला म्हणतो. म्हणून आम्ही त्याला म्हटले, "तो कागद आण."

कागद टेबलावर पसरला आणि बचावाचे उत्तर तिथेच लिहून झाले. रेल्वे नोकरांच्या शिस्त आणि अपील नियमांत, म्हणजे १९६८ च्या नियमांत, आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. आम्ही त्या उत्तरात 'गरीब माणूस आहे, माफ करा' असे एक अक्षर लिहिले नाही. लिहिले ते असे: शेजारच्या दोन भागांचे हॅचिंग वेगवेगळ्या दिशेने किंवा वेगळ्या अंतराने करायचे असा मानकाचा संकेत आहे. सोबत जोडलेल्या प्रिंटमध्ये तो पाळलेला नाही. या प्रिंटवरून हे दोन भाग आहेत हे कळण्याचा मार्ग कोणता, ते प्रशासनाने दाखवावे. सोबत प्रिंटची प्रत लावली आणि चुकीच्या जागी लाल पेन्सिलने गोल केला.

चार्जशीट मागे घेतली गेली. ड्रॉइंग दुरुस्त होऊन नव्या रिव्हिजन नंबरने आले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ड्रॉइंग काढणाराही आपलाच कामगार होता. त्याला पुरते प्रशिक्षण न देता संगणकापुढे बसवले होते आणि तपासणीसाची जागा रिकामी होती. आम्ही एका कामगाराच्या अंगावरची चार्जशीट काढून दुसऱ्याच्या अंगावर टाकायला गेलो नव्हतो. उत्तरात आम्ही त्याचे नाव कुठेही येऊ दिले नाही. प्रश्न व्यवस्थेचा होता आणि तो तसाच मांडला.

मग युनियनने मागायचे काय

काही जण म्हणतील, जुने बोर्ड बरे होते. आम्ही तसे म्हणणार नाही. हाताने काढलेल्या ड्रॉइंगातही चुका असत, आणि आर.डी.एस.ओ.कडून बदल आला की शंभर प्रिंटा खोडून लिहायला लागत. यंत्राशी भांडून यंत्र जात नाही. टपालातल्या बांधवांना हे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. १५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली. ज्यांचे बोट कट्टकट्ट करत निरोप धाडण्यात तरबेज होते त्यांची विद्या त्याआधीच निरुपयोगी झाली होती. पण टपाल खात्यात कोअर बँकिंग आले तेव्हा काउंटरवरचे लोक ते शिकले आणि आज तेच पोस्ट चालवत आहेत. शिकायला मिळाले तिथे माणूस टिकला.

काम बाहेर द्यायचे झाले की पहिले कारण काय सांगतात? "तुमच्याकडे हे जाणणारा माणूस नाही." ते कारण आपण शिल्लक ठेवायचे नाही. म्हणून पी.एन.एम.च्या बैठकीत मांडण्यासाठी आम्ही पुढील मागण्या सुचवतो. त्यांवर या वर्गात चर्चा व्हावी.

१) ड्रॉइंग ऑफिसातल्या प्रत्येकाला, ट्रेसिंग आणि प्रिंटिंगच्या कामावरून आलेल्यांसकट, संगणकावरच्या ड्रॉइंगचे प्रशिक्षण ड्युटीच्या वेळेत मिळावे. कोणाला सरप्लस ठरवण्याआधी त्याला शिकण्याची संधी दिल्याचे कागदावर दाखवावे.

२) फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर यांच्यासाठी बेसिक ट्रेनिंग सेंटरमध्ये सेक्शन वाचण्याचा छोटा वर्ग असावा, आणि तो मराठीत, हिंदीत, ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत असावा. भोपाळ, झाशी, जबलपूर, सिकंदराबाद इथल्या आपल्या लोकांनी ही मागणी आपापल्या भाषेच्या साथींना बरोबर घेऊन करावी.

३) प्रत्येक शॉपमध्ये ड्रॉइंग पाहण्यासाठी एक पडदा असावा. मॉडेल आधीच तयार असेल तर कामगाराला ते फिरवून, हवे तिथे कापून पाहू द्यायला जादा खर्च नाही. लहान कागदावरच्या अंधुक प्रिंटवर त्याला डोळे फोडायला लावू नये.

४) नवे ड्रॉइंग शॉपमध्ये येण्याआधी ते काम प्रत्यक्ष करणाऱ्या एका जाणत्या कामगाराने पाहून सही करावी. त्या सहीचा अर्थ 'मला हे वाचता आले' एवढाच असावा. चुकीची जबाबदारी त्या सहीवरून त्याच्या गळ्यात बांधू नये.

५) रिजेक्शनच्या प्रकरणात कामगाराला चार्जशीट देण्याआधी त्या वेळी मशीनवर असलेली प्रिंट, तिच्या रिव्हिजन नंबरासह, पंचनाम्यात घ्यावी.

शाखा कार्यकर्त्यांना एक वेगळे सांगणे आहे. आजवर आपण कायद्याची कलमे पाठ केली. आता ड्रॉइंगची ही पाच कलमेही पाठ करा. कोणी चार्जशीट घेऊन आला की आधी विचारा, "प्रिंट कुठे आहे?" ती मूळची घ्या, फोटो काढून ठेवा, कोपऱ्यातले चिन्ह पाहा, हॅचिंग पाहा, रिव्हिजन पाहा. निम्म्या प्रकरणांत काही सापडणार नाही. मग माणसाची चूक मान्य करून शिक्षा कमी कशी होईल ते पाहायचे. पण जिथे सापडेल तिथे आपल्या बाजूला घोषणेपेक्षा भक्कम पुरावा असेल.

आणि ड्रॉइंग ऑफिसातल्या साथींनो, तुम्हालाही एक विनंती. सेक्शन काढून झाला की पडद्यावर समाधान मानू नका. साध्या प्रिंटरवर काढा, शॉपमध्ये जा आणि तो कागद ज्याने तो भाग आयुष्यात पाहिलेला नाही अशा एखाद्या अॅप्रेंटिसच्या हातात द्या. त्याला विचारा, "यात भाग किती?" त्याने बरोबर आकडा सांगितला तर सेक्शन बरोबर. चुकीचा सांगितला तर त्याला रागावू नका, परत जाऊन हॅचिंग बदला. ती पाच मिनिटे एका माणसाचे इन्क्रिमेंट वाचवतात, आणि ब्रेकच्या कामात असेल तर गाडीतल्या प्रवाशांचेही काही वाचवतात.

दुपारच्या सत्रात तीन जुन्या प्रिंटा वाटणार आहोत. प्रत्येकीत किमान एक चूक आहे. गट करून बसा आणि शोधून काढा. टपालातल्या बांधवांसाठी एका क्वार्टरचा उभा सेक्शन ठेवला आहे. जोत्याची उंची आणि पायाची खोली त्यांनी वाचून दाखवावी.

एवढे बोलून आम्ही आमचे भाषण संपवतो. कामगार एकजुटीचा विजय असो!